बंद पंखे

मावशी ओळीच्या मधोमध मटकन खाली बसली. तेसुद्धा हातातला क्रेट हळूच टेकवून, आवाज न करता.

पॉलिहाऊसमध्ये परवापासून आवाजाला बंदी होती. शेवटच्या टेबलावर टोमॅटोच्या कुंड्या मांडलेल्या, प्रत्येकीसमोर बोटाएवढा माइक. त्या झाडांचं पाणी मुद्दाम तोडलेलं. पंख्यांच्या घरघरीत माइकला काही कळत नाही म्हणून पंखेही बंद. वर प्लास्टिकचं छत तापलेलं, आणि खाली टोमॅटो तोडणाऱ्या बायका घामाने निथळत खाणाखुणांनी बोलत होत्या.

तिची भाची धावत आली, तिला सगळ्या मिरचीच म्हणायच्या. मावशीचे ओठ पांढरेफटक पडले होते. मिरचीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर मावशीने दोन घोट घेऊन हातानेच तिला गप्प राहायला सांगितलं. मला काही होत नाही, हे मावशीचं ठरलेलं वाक्य. ताप असो, पाय मुरगळलेला असो, सख्ख्या भाचीसमोरही दुसरं वाक्य निघायचं नाही. मागच्या हंगामात कुरकुर करणारीला मुकादमाने पुन्हा कामावर घेतलं नव्हतं. मावशी ते विसरली नव्हती.

तेवढ्यात झाडांवर हा प्रयोग करणाऱ्या सरांनी सगळ्यांना टेबलाकडे बोलावलं. सर तसे वाईट नव्हते. आज तर खूश होते, आणि खुशी एकट्याला पचत नव्हती. आपलीच आवाजबंदी विसरून त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी दाबलं.

टक. टक टक. टक. कुणीतरी बोटं मोडावीत तसं.

हे झाड आहे, सर म्हणाले. पाणी कमी पडलं की त्याच्या आतल्या बारीक नळ्यांत बुडबुडे फुटत असावेत. आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा, म्हणून तो यंत्राने खाली आणून ऐकवलाय. पाणी मिळालेलं झाड जवळपास गप्प असतं, तहानलेलं टकटकत राहतं. आणि आपण इतकी वर्षं झाडाला मुकं समजत आलो.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने कुंडीकडे बघून चुकचुक केली आणि झाड रडतंय का, असं विचारलं.

तसं म्हणायचं नाही, सरांनी समजावलं. झाडाला दुःख होतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

"मग काय गातंय?" मिरची म्हणाली.

मुकादमाने डोळे वटारले. मिरची थांबते कसली. मावशीला भोवळ आलीय, पंखे लावा, असं तिने सरळ सरांनाच सांगितलं. सरांचा चेहरा पडला. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत, ते म्हणाले, आता पंखे लावले तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मुकादमाने बायकांवरून नजर फिरवली. आणखी कुणाला त्रास होतोय का, म्हणून विचारलं. सगळ्या खाली बघत राहिल्या.

"बघा सर. एकीचीही तक्रार नाही. हिचंच तोंड तिखट आहे."

मिरचीने टेबलावरचा एक माइक उचलला. वायर ताणत ती मावशीपाशी आली, उकिडवी बसली आणि माइक मावशीच्या तोंडासमोर धरला.

"हिलाही लावा की यंत्र. हिचंही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

"उद्यापासून तू यायचं नाहीस," मुकादम म्हणाला.

मिरचीने माइक हलवला नाही.

मावशीने मुकादमाकडे बघितलं. मग भाचीच्या हाताकडे. तोंड पुसलं.

"पंखे लावा," ती म्हणाली.

सवय नव्हती, त्यामुळे जरा जास्तच मोठ्याने आलं.