देखणं माहितीपत्रक

"जगातली प्रत्येक क्रांती आधी कागदावर होते," असं आमच्या जावयांनी जाहीर केलं आणि त्या कागदावरचं शीर्षक डावीकडे घ्यावं की मधोमध, यात आठवडा घालवला.

नोकरी सोडून त्यांनी एक ॲड-ऑन, म्हणजे संगणकावरच्या तक्त्यांना जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बनवलं होतं. गोदामातल्या मालाच्या तक्त्यात आकडा चुकला की ते तिथल्या तिथे लाल खूण करतं. एका मोठ्या कारखान्याने ते घेतलं तर ठीक, नाहीतर जुन्या साहेबांपुढे पुन्हा हात जोडायचे. म्हणून हे चार पानांचं माहितीपत्रक.

मुलगी म्हणाली, "अरे, मजकूर कमी कर, एवढं कोण वाचतंय!" त्यांनी कमी केला. मग म्हणाली, "आता तू नक्की काय विकतोयस तेच कळत नाही."

जावयांनी लॅपटॉपवर डोकं आपटायचंच बाकी होतं. "बाबा, प्रोग्रॅम लिहिणं याहून सोपं होतं हो!"

शेवटी एकदाचं पाठवलं. दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या खरेदी विभागातल्या बाईंचा फोन आला. जावयांनी तो स्पीकरवर टाकला.

"काय सुंदर केलंय हो! आमच्या साहेबांनी सगळ्या विभागांना बोलावून दाखवलं."

मुलीने माझा हात घट्ट धरला. जावयांनी फोन जवळ ओढला. "मग ॲड-ऑन कधीपासून सुरू करायचं, मॅडम?"

 

"ते राहू द्या हो. फक्त तुमचा मजकूर काढून ती पानं तेवढी रिकामी करून पाठवता का? आम्हाला त्यात विकायला काढलेल्या भंगाराची जाहिरात टाकायचीय."