थरथरणारे आकडे

अल्लीपूरच्या घरी, आबांच्या खाटेवर पायथ्याशी बसून स्वप्निल ड्रोनच्या बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे आकडे वाचणारा प्रोग्राम, लिहीत होता. समोर खाटेवर ठेवलेला बोर्ड स्थिर, तर आकडेही स्थिर हवेत. पण चार दिवस झाले, देवळात कीर्तन रंगलं की आकडे थरथरायचे.

"तुह्या मशीनले कीर्तन लई आवडते वाटते," पंचफुलाआजी हसली.

"हासू नको वं आजी. असंच राह्यलं तं ड्रोन पडन. उद्या काम द्याचं आहे मले."

देवळाच्या भोंग्याच्या आवाजाने होत असेल म्हणून त्याने बोर्ड स्वयंपाकघरात नेला. भोंगा तितकाच जोरात, पण आकडे गप्प. खाटेवर आणला, पुन्हा थरथर. प्रोग्राम तिसऱ्यांदा तपासला, चूक सापडेना.

"आजी, खाट कोण हालवून राह्यलं?"

"कोण हालवन बापा? आबा तं पाच महिन्यांपासून पडून हायेत."

तिकडे मृदंगाची लय वाढली. इकडे आकडेही वाढले. स्वप्निलने हळूच गोधडी बाजूला केली.

डॉक्टरांनी कायमचा गेला म्हणून सांगितलेल्या पायाचा अंगठा ठेका धरून होता.