विश्वजितचं गिऱ्हाईक

"पाहुणे, विश्वजित म्हणजे वाघ आहे वाघ!" समोरच्या वाटीत तांबडा रस्सा ओतत चौगुले अण्णा म्हणाले.

अण्णा कोल्हापुरातल्या एका फुटबॉल संघाचे सचिव, आणि पाहुणे सांगलीच्या संघाचे मॅनेजर. अण्णांच्या संघातला हा वाघ आता धावण्यापेक्षा धापाच जास्त टाकायचा. लीगने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली होती आणि तिच्यातला निम्मा पगार हा एकटाच खायचा, त्यामुळे धड गोलकीपर घेता येत नव्हता. करार मोडला तर भरपाईही त्याच मर्यादेत धरली जाणार होती. म्हणून, "त्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधा," असं अध्यक्ष तात्यांनी बजावलं होतं. तात्या शेजारीच जेवत होते.

"गुडघा कसा आहे त्याचा?" पाहुण्यांनी विचारलं.

"लोखंड! परवाचा गोल बघितला न्हवं? लोक म्हणतात, चेंडू पाठीला लागून गेला. अहो, पाठ मुद्दाम फिरवली होती त्यानं!"

पाहुण्यांनी रस्सा भुरकला. तात्यांचा घास मात्र हातातच राहिला होता.

"अण्णा, असला हिरा विकायला निघालोय आपण?" घास तसाच ताटात ठेवत तात्या म्हणाले. त्यांनी तिथूनच विश्वजितला फोन लावला आणि करार दोन वर्षांनी वाढवून टाकला.

"आणि गोलकीपर?" अण्णांनी कसंबसं विचारलं.

"असला गडी असताना चेंडू आपल्या गोलपर्यंत येतोय कशाला?"

रविवारी चेंडू पाच वेळा आला, आणि प्रत्येक वेळी तात्या गॅलरीतून अण्णांकडेच डोळे वटारून बघत होते.