चौथ्या तुकड्यातलं पाणी

तानाजीनं ओठ मनगटावर टेकवले आणि हवा आत ओढली. जाळ्यात सापडलेला ससा ओरडतो तसा बारीक, चिरका आवाज उजाडत्या शेतावर पसरला. शेजारी दबून बसलेल्या अर्बाब मुस्तफानं, म्हणजे शेताच्या मालकानं, बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला. मागे पंपाच्या खोलीच्या दारात वॉल्टर उभा होता. वसईचा हा मेकॅनिक बरकाच्या बाजारातून फुटक्या नळ्या जोडायला आला होता. काम कालच संपलं होतं, पण तमाशा चुकू नये म्हणून मुक्कामाला राहिला.

ससा ओरडायची विद्या तानाजीला मामानं शिकवलेली, संगमेश्वराकडच्या रानात. एकोणीस वर्षं परदेशातलं हे शेत सांभाळताना तिचा कधी उपयोग झाला नव्हता. यंदा मात्र गरज पडली. कलिंगड लावलेले जमिनीचे चार तुकडे होते. तीन खाऱ्या पाण्यानं गेले, चौथा खोकडानं. समुद्र जवळ असल्यानं पाण्यात खार चढलाय, असं तपासणीच्या कागदावर आलं होतं. आणि खोकड, कोल्ह्याचा तो धाकटा भाऊ, रोज पहाटे डोंगराकडून यायचं आणि मागच्या कुंपणालगतच्या चौथ्या तुकड्यात ठिबकच्या नळ्या चावून ठेवायचं. पाणी एका जागी वाहून जायचं आणि पुढचे वेल वाळायचे.

अर्बाबनं स्पष्टच सांगितलं होतं. एक तुकडा तरी पिकवून दाखव, मग पुढच्या वर्षाचं बघू. नाहीतर ईद झाली की बुलडोझर येणार. शेजारच्यांनी केलं तसं स्विमिंग पूल, चार खोल्या, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं. स्विमिंग पूलला तानाजी कशाला लागतो? बावन्नाव्या वर्षी गावी परत जायची त्याला भीती नव्हती. या जमिनीवर आपला जीव जडलाय, याची होती. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो तिसऱ्यांदा ओरडला आणि कुंपणाखालून खोकड आलं.

एवढंसं अंग आणि केवढे ते कान. चौथा तुकडा ओलांडून, मग तिसरा, दुसरा, असं ते सरळ आवाजाच्या रोखानं येत राहिलं. पंधरा पावलांवर थांबलं. तानाजीकडे पाहिलं. ससा नाही, हे त्याला कळलं असावं, पण ते पळालं नाही. जीभ बाहेर लोंबत होती. बंदुकीची नळी हळूच वर आली.

वॉल्टरनं पंपाच्या मोटारी आधीच चालू केल्या होत्या. पहिल्या तुकड्यात, खोकडाच्या पायाशीच नळी टपटप ठिबकत होती. त्यानं एका थेंबाला जीभ लावली आणि डोकं झटकून मागे सरलं. दुसऱ्या तुकड्यात गेलं. तिथेही जीभ लावली, तोंड फिरवलं. तिसऱ्यात तेच. बैल नको असलेल्या बादलीवरून तोंड फिरवतो, अगदी तसं.

तानाजीचं लक्ष त्या जिभेवर खिळलं. त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मालकाच्या बंदुकीवर हात ठेवला.

"अर्बाब, दो मिनट."

अर्बाबनं रागानं पाहिलं. पण तानाजीचा चेहरा बघून त्यानं नळी खाली केली.

तहानलेलं जनावर तीन तुकड्यांतलं पाणी ओलांडून पार मागे गेलं. चौथ्या तुकड्यात त्यानं नळी चावली आणि उडालेल्या धारेला तोंड लावलं. कितीतरी वेळ पीत होतं. तिघं माणसं बघत होती. मग ते कुंपणाखालून डोंगराकडे निघून गेलं. घाई अशी काही नव्हती.

तानाजी धावतच गेला. फुटक्या नळीखाली ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतलं. मग पहिल्या तुकड्यात येऊन तिथले थेंब जमवले, चाखले आणि थुंकले. पुन्हा चौथ्यात गेला. या खेपेला प्यायलाच. डोळ्यांतून पाणी कधी आलं, त्याचं त्याला कळलं नाही.

वॉल्टर मागोमाग आला होता. त्यानंही एक घोट घेतला आणि कपाळावर हात मारला. "पहिले तिन्ही बोअरवर आहेत. हा एकच मागच्या जुन्या विहिरीवर," तो म्हणाला. "आणि तपासणीला सॅम्पल आपण बोअरचं दिलं रे."

सात वर्षांपूर्वी बोअर आला, तेव्हापासून शेतावर प्यायला बाटल्या येत होत्या. एवढ्या वर्षांत इथलं पाणी कुणी जिभेवर घेतलं नव्हतं. एक सोडून.

अर्बाब मुस्तफा सावकाश खाली बसला. त्यानंही ओंजळ धरली. ती विहीर त्याच्या बापानं खणलेली. नवा बोअर आल्यापासून तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पाणी प्यायल्यावर ओला हात त्यानं तसाच चेहऱ्यावरून फिरवला. त्यानं डोंगराकडे पाहिलं. मग बंदूक उघडली आणि काडतुसं काढून खिशात टाकली.

"बाप का दो कुआँ और है, बंद पड़ा है," तो तानाजीला म्हणाला. "दोनों का पानी निकालके रखो. कल उसको फिर बुलाव."