चौदा तारखेचं पान

नऊ दिवस वर गेले तरी कळांचा पत्ता नव्हता. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळत शिवकन्येला विचारलं, "तुमच्या आईचे दिवस असे वर जायचे का? पुष्कळदा घराण्यातच असतं ते. तसं असेल तर दोन दिवस थांबू, बाळ ठीक आहे. नसेल तर आजच सलाईन लावून कळा आणू."

दोन दिवस थांबता आलं असतं तर काय हवं होतं! फौजेतला नवरा, रुद्रेश, परवा सुट्टीवर येणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई जाऊन चार वर्षं झालेली. माहेर उरलं होतं ते वडील, अप्पा, आणि त्यांच्या गोठ्यापुरतं. सोबत कोण आहे, असं नर्सनं दोनदा विचारलं होतं.

तिनं देवणीला अप्पांना फोन लावला. हे त्यांना नाही तर कुणाला विचारायचं? तीस वर्षांतल्या सगळ्या गाई त्यांच्या वह्यांत होत्या. कधी फळली, कधी व्याली, किती दिवस वर गेली.

"आपली गवरी बारा दिस वर गेली," अप्पा खुशीत सांगू लागले. "तिची माय बी बारा. रक्तातच हाय ते."

"अन् माझी माय, अप्पा? माझ्या येळंला?"

अप्पा म्हणाले, "थांब, त्या सालची वही काढतो."

पानं वाजली. तिचा सगळा जीव कानात आला.

"हां, ऑगस्ट. नऊ तारखेला तांबडी व्याली, कालवड झाली. सतराला म्हैस आटली."

"चौदाला?" चौदा तारखेला तिचा जन्म.

एक पान पुढं उलटल्याचा आवाज आला, मग परत मागं.

"चौदाला काई लिवलं न्हाई, बाय. तुझ्या मायला ठावं होतं समदं. म्या कधी इचारलंच न्हाई तिला."

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. "असू द्या. जेवलात का?" एवढं विचारून तिनं फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंना तिनं 'माहीत नाही' म्हणून सांगितलं. डाव्या हाताला सलाईन लागलं. खाटेजवळचं स्टूल रिकामंच होतं.

नर्सकडून पेन मागून घेऊन तिनं फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर सावकाश लिहिलं, 'तुझ्या वेळेला नऊ दिवस वर गेले होते.'