मध्यंतरातलं भाषण

मध्यंतरात घामाघूम पोरी ड्रेसिंगरूमच्या बाकांवर बसल्या होत्या. देशाच्या रग्बी संघाची कॅप्टन नेहमीसारखी मधोमध उभी राहिली. नऊ वर्षांत तिच्या बोलण्यावर हातचे गेलेले सामने फिरले होते. आजही ती जीव तोडून बोलली. पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी उपकर्णधार हळूच म्हणाली, "ताई, हे तू आत्ताच बोललीस. शब्दन् शब्द." "चेष्टा पुरे गं!" ती हसली. कुणीच हसलं नाही. सगळ्यांत धाकटीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. कॅप्टनचा हात आपसूक कपाळाकडे गेला. मघाशी मैदानात तिचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आपटलं, तेव्हा डॉक्टरांना तिनंच "काही नाही झालं" म्हणून परतवलं होतं. बाहेर शिट्टी वाजली. तोंडात घालायला उचललेलं दातांचं कवच तिनं खाली ठेवलं. "आज सगळ्यांना मैदानात तू घेऊन जा," ती उपकर्णधाराला म्हणाली, "आणि डॉक्टरांना सांग, मी खोटं बोलले."