दोन नकार

“छे, छे! माझी कुठली एवढी योग्यता?” शिबुतानी रेइझोंनी फोनलाच कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो खाली ठेवला.

समोर त्यांचे संपादक हिराबायाशी बसले होते. मुद्दाम टोकियोहून आले होते. साकेचा पेला ओठांपाशीच थांबला. “कोणाचा होता?”

“पुरस्कार-समितीच्या चिटणिसांचा. निवड झालीय म्हणाले. स्वीकाराल का, विचारत होते.”

“मग?”

“नको म्हटलं.”

लोकप्रिय कादंबरीला मिळणारा देशातला सगळ्यांत मोठा पुरस्कार तो. रेइझोंचं नाव अंतिम यादीत यायची ही पाचवी खेप. वय एकाहत्तर. सामुराईंच्या लढाया लिहून लिहून बोटं वाकडी झालेली. चार वेळा याच फोनसमोर बसून त्यांनी दुसऱ्याचं नाव ऐकलं होतं.

“सेन्सेई, वेड लागलंय का? लावा परत फोन!”

“हिराबायाशीसान, तुम्ही पडलात टोकियोचे,” रेइझोंच्या बायकोनं, किनुएबाईंनी, त्यांच्या ताटलीत मासा वाढला. “आमच्या क्योतोत कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणतात. पहिल्या हाकेला भिकारी हात पसरतो. विचारतील ते परत.”

आणि विचारलं की! पाच मिनिटांत फोन आला. चिटणीस काकुळतीला आले होते. पत्रकार खोळंबलेत म्हणाले. हिराबायाशींनी रेइझोंची बाही ओढली, मांडीला चिमटा काढला. रेइझो ढळले नाहीत.

“माझ्याहून लायक माणसं आहेत हो,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

हिराबायाशी चटईवर आडवे झाले. रेइझोंनी मात्र ठेवणीतला झगा अंगात चढवला, घसा साफ केला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. माशावरची चरबी गोठली. मग तिसऱ्यांदा घंटी वाजली.

“आपला एवढा आग्रहच असेल, तर...”

“कसला आग्रह, सेन्सेई? मी सुमितानी!” हा ओसाकाचा. चोरांच्या विनोदी गोष्टी लिहायचा. त्याचंही नाव यादीत होतं. “तुम्ही दोनदा झिडकारलंत म्हणे! मग मला विचारलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणून टाकलं. फार उपकार झाले बघा!”

रेइझोंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. क्योतोचा चेहरा तो. “अभिनंदन,” ते गोड आवाजात म्हणाले. “या एकदा सवडीनं. चहा-भात खाऊन जा.”

क्योतोत याचा अर्थ होतो, पुरे झालं, आता चालू लागा. त्या भाताला शेकडो वर्षांत कुणी आधण ठेवलेलं नाही, आणि तो खायला कुणी थांबलेलं नाही.

“सवड कशाला हवी? टोकियोची गाडी क्योतोवरूनच जाते,” सुमितानी म्हणाला. “निघालोच! सोबत लोणचंही काढून ठेवा.”